मागणी एकदाच वाढली, मग गोंधळ कुठून आला?

लखनौच्या आलमबागेतल्या किराणा दुकानात साबणाचा खप थोडा वाढला, तर कारखान्याला कितीसा फरक पडेल? थोडासाच, असे आपण धरून चालतो. हा समज मोडण्यासाठी व्यवस्थापनाच्या वर्गात एक खेळ खेळतात.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांच्या गटाने १९६०च्या सुमारास 'बिअर गेम' रचला. त्यात दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशा चार भूमिका. प्रत्येकाला खालून आलेली ऑर्डर तेवढी दिसते आणि माल पोचायला काही आठवडे लागतात. ग्राहक आधी आठवड्याला ४ खोकी मागतात, पाचव्या आठवड्यापासून कायम ८. बदल एवढाच. तरी माल संपेल या धास्तीने जो तो जादा ऑर्डर देतो. कारखान्यापर्यंत मागणी फुगत जाते. मग साचलेला माल येऊन आदळतो आणि ऑर्डरी शून्यावर येतात.

पूर्वी हे पटावर चालायचे. आता संगणकावर प्रत्येक निर्णय आपोआप नोंदला जातो, चौघांचे आलेख शेजारी दिसतात. ग्राहकांच्या मागणीचे आकडे सर्वांना खुले केले तर काय होते, हेही लगेच पुन्हा खेळून पाहता येते.

लखनौत १९८४पासून आयआयएम आहे. पण खेळातून मिळणारे असे शिक्षण अशा व्यवस्थापन संस्थांपुरते न राहता साध्या कॉलेजातल्या बी.कॉम.च्या मुलांनाही मिळायला हवे. कारण चूक माणसांची नसून रचनेची असू शकते, हे स्वतः खेळूनच पटते; आणि खेळानंतर चर्चा घडवणारा शिक्षक नसेल, तर उत्तम सॉफ्टवेअरही निव्वळ करमणूक ठरते.