टाके, साबुदाणा आणि संत्रं

आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा नागपुरात आंबिया बहाराची संत्री नुकतीच आली होती. आई घरी आली त्याच संध्याकाळी मामा काटोलहून पिशवीभर संत्री घेऊन हजर झाले. मी एक सोलायला घेतलं. सालीचा नाकात चढणारा वास खोलीभर पसरला, आणि शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "आंबट नोको देऊ तिले, टाके पिकतीन." सोललेली फोड माझ्या हातातच राहिली. आईपुढे साबुदाण्याची पेज गेली. पुढचे दोन आठवडे तिचं जेवण म्हणजे साबुदाणा, भाताची पेज, वरणाचं पाणी आणि चहात बुडवलेला टोस्ट. बाकी दिवसभर खाट.

काकूंची माया खरी होती. पण शरीरातली जखम नेमकी कशी भरते, हे पाहिलं तर ते ताट उलटं होतं.

१९३९ साली अमेरिकेत बोस्टनच्या जॉन क्रँडन या तरुण शल्यविशारदाने हा प्रश्न स्वतःच्या अंगावर सोडवला. त्याने फळं आणि भाज्या पूर्ण बंद केल्या. पाव, चीज, अंडी अशा 'क' जीवनसत्त्व नसलेल्या अन्नावर तो राहू लागला. तीन महिन्यांनी त्याने स्वतःच्या पाठीवर मुद्दाम एक जखम करून घेतली. ती नीट भरली. तो तसाच राहिला. सहा महिन्यांनी दुसरी जखम केली. या वेळी वरची कातडी जुळल्यासारखी दिसली, पण दहा दिवसांनी आत पाहिलं तर जखम भरलेलीच नव्हती. मग शिरेतून 'क' जीवनसत्त्व द्यायला सुरुवात झाली आणि तीच जखम भरू लागली.

कारण कोलॅजेनमध्ये आहे. जखमेच्या दोन कडा सांधणारं हे प्रथिन तीन पेडांच्या दोरासारखं वळलेलं असतं. पेड घट्ट बसण्यासाठी त्यात एक रासायनिक बदल व्हावा लागतो. तो करणाऱ्या विकराला 'क' जीवनसत्त्वाची साथ लागते. ते नसेल तर पेड पक्के बसत नाहीत आणि दोर कच्चाच राहतो. पू होतो तो जंतूंमुळे. संत्र्याच्या आंबटपणाचा टाक्यांशी काही संबंध नाही. नागपूरकर म्हणून हेही कबूल करतो की 'क' जीवनसत्त्वात पेरू आणि आवळा आपल्या संत्र्याच्या कितीतरी पुढे आहेत. पण आजाऱ्याला चार फोडी खाव्याशा वाटतात, यालाही मोल आहे.

आता साबुदाणा. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो. त्यात प्रथिनं नावापुरती. वरणाचं पाणी द्यायचं तर डाळ भांड्याच्या तळाशी राहते आणि प्रथिनंही तिच्यासोबत तिथेच राहतात. निरोगी प्रौढाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं आपल्याकडचं प्रमाण आहे. आजारातून उठणाऱ्या वयस्कर माणसाला आहारतज्ज्ञ १.२ ते १.५ ग्रॅम सुचवतात. म्हणजे गरज वाढते तेव्हाच आपण ताट रिकामं करतो. घट्ट वरण, मुगाची खिचडी, दही, अंडं, ज्वारीच्या कण्यांसोबत ताक, यातलं पचेल ते थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावं. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असेल, तर मात्र प्रथिनं आणि फळं किती घ्यायची हे डॉक्टरांनाच विचारावं.

खाटेचं दुखणं वेगळंच. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी ज्येष्ठांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं. जेवणात प्रथिनं नेमल्या प्रमाणात होती. तरीही त्यांच्या पायांतलं स्नायूंचं वजन सरासरी जवळपास १ किलोने घटलं. निरोगी माणसांची ही गत, तर ऑपरेशन झालेल्याचं काय होत असेल? "आराम कर, हलू नकोस" हे वाक्य मला हा प्रयोग कळल्यापासून जपून वापरावंसं वाटतं.

हालचाल म्हणजे व्यायामच असं नाही. हाताला काम असावं, हा विचार आपल्याकडे उपचार म्हणून आणला तो कमला निंबकरांनी. त्या जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकर. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी देशातली पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. पुढे नागपूरच्या 'मेडिकल'मध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण सुरू झालं आणि आजही तिथे ते दिलं जातं. हाताचं काम औषधासारखं नेमून द्यायचं, रोज थोडं वाढवायचं, आणि ते रुग्णाला आवडीचं असावं, ही त्यामागची दृष्टी.

आमच्याकडे ते योगायोगानेच घडलं. तिसऱ्या आठवड्यात ओल्या तुरीच्या शेंगा आल्या. आई उशीला टेकून म्हणाली, "आण इकडे." सुपात शेंगा घेऊन ती सोलायला बसली. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत थकली. चार दिवसांनी सूप घेऊन स्वतः उठून ओसरीवर गेली आणि सोल्यांच्या भाताला मीठ कमी पडलं म्हणून माझ्यावर रागावली. त्या रात्री ती पोटभर जेवली.

या हिवाळ्यात कुणा आजाऱ्याला भेटायला जाणार असाल, तर बिस्किटांचा पुडा नका नेऊ. डॉक्टरांची मनाई नसेल तर चार संत्री न्या, दोन पेरू न्या. आणि संत्री सोलून देऊ नका. ते काम त्यांच्याच हाताला राहू द्या.