'फॉलआउट ३' : निर्मिती, प्रकाशन आणि भारतीय सांस्कृतिक संवेदनशीलता

प्रस्तावना :
कथा, नाटक व चित्रपट यांच्याप्रमाणेच संगणकीय खेळ हेही कथाकथनाचे माध्यम आहे. मात्र येथे रसिक केवळ प्रेक्षक राहत नाही. तो स्वतः कथेतील पात्र होतो व त्याच्या निर्णयानुसार कथानक वळण घेते. अशा खेळांना भूमिकाप्रधान खेळ म्हणता येईल. कलाकृती परक्या संस्कृतीत जाताना कोणते प्रश्न निर्माण होतात, याचे 'फॉलआउट ३' हे बोलके उदाहरण होय.

निर्मिती :
अणुयुद्धानंतरच्या उद्ध्वस्त जगाचे चित्रण करणारा 'फॉलआउट' हा पहिला खेळ अमेरिकेतील इंटरप्ले कंपनीने १९९७ मध्ये प्रकाशित केला. २००४ मध्ये बेथेस्डा कंपनीने तिसऱ्या भागाच्या निर्मितीचा परवाना मिळविला आणि २००७ मध्ये ५७.५ लाख डॉलर देऊन या मालिकेचे हक्कच विकत घेतले. टॉड हॉवर्ड यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेला हा खेळ २८ ऑक्टोबर २००८ रोजी अमेरिकेत प्रकाशित झाला. इ. स. २२७७ मधील वॉशिंग्टन परिसरात, वडिलांच्या शोधार्थ भूमिगत आश्रयस्थानातून बाहेर पडलेल्या तरुण व्यक्तीची ही कथा आहे.

देशोदेशीचे बदल :
ऑस्ट्रेलियाच्या वर्गीकरण मंडळाने 'मॉर्फिन' या खऱ्या औषधाच्या वापरामुळे खेळाला प्रमाणपत्र नाकारले; तेव्हा त्यास काल्पनिक नाव देण्यात आले. जपानमध्ये अणुबॉम्बचा स्फोट घडविण्याचा पर्याय वगळण्यात आला, तसेच नागासाकीवरील बॉम्बचे 'फॅट मॅन' हे नाव धारण करणाऱ्या शस्त्राचे नामांतर झाले.

भारतातील निर्णय :
ऑक्टोबर २००८ मध्येच, सांस्कृतिक संवेदनशीलता लक्षात घेऊन एक्सबॉक्स ३६० वरील हा खेळ भारतात न आणण्याचा व्यावसायिक निर्णय मायक्रोसॉफ्टने जाहीर केला. नेमका आक्षेपार्ह भाग कंपनीने सांगितला नाही. तथापि खेळातील किरणोत्सर्गाने विकृत झालेल्या दोन तोंडांच्या गुरांना 'ब्राह्मिन' म्हटले आहे, याकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अमेरिकेत 'ब्रॅह्मन' नावाची गोवंशाची जात प्रसिद्ध असून ती गीर, कांकरेज, ओंगोल आणि काही अंशी आपल्या कृष्णाकाठच्या जनावरांपासून विकसित झाली आहे. अमेरिकन माणसाला जे गुरांचे नाव वाटते, तेच भारतात जातिवाचक व पूज्यभावाशी निगडित ठरते.

निष्कर्ष :
ऑस्ट्रेलियात शासकीय मंडळाने कारण दिले, म्हणून दुरुस्ती शक्य झाली. भारतात चित्रपटांसाठी प्रमाणन मंडळ होते. खेळांसाठी मात्र तशी यंत्रणा नव्हती. परिणामी भारतीयांच्या भावना कशाने दुखावतील, हे भारतीयांना न विचारताच एका कंपनीने ठरविले. नाव बदलून सुटू शकणारा प्रश्न चर्चेलाच आला नाही. पुढे २०२१ मध्ये बेथेस्डाची पालक कंपनी मायक्रोसॉफ्टनेच विकत घेतली. संवेदनशीलतेचा आदर आवश्यकच आहे. परंतु तो कारण सांगून व संवादातून व्हावा, हाच या प्रकरणाचा बोध होय.