नराला साद घालण्याचा दिवस

पहाटे साडेपाच. जर्मनीच्या नैर्ऋत्येला, श्वेबिश आल्बच्या पठारावर ऑगस्ट नुकताच लागलाय. वनपाल मचाणावर चढतो, पण इतक्यात मादीच्या आवाजात साद घालत नाही. आधी नुसतं बघायचं. गव्हाच्या कडेला गोल तुडवलेलं रिंगण आहे, रो हरणाचा नर मादीमागे तिथेच घिरट्या घालत होता.

नऊ. ओक आणि फरच्या लागवडीत चक्कर. हरणांनी रोपांचे शेंडे खुडलेले. आपल्याकडे वन्यजीव कायद्याने शिकार थांबवली ते योग्यच झालं. पण या पठारावर लांडगा आणि लिंक्स नावापुरतेच उरलेत, म्हणून हरणांची संख्या आवरण्याचं काम माणसाकडे आलंय.

साडेअकरा. भर उन्हात खरं काम सुरू होतं. जुलैअखेरीस नर माजावरच्या मादीला सोडत नाही, तेव्हाची साद बहुतेक वाया जाते. आता बऱ्याच माद्यांचा माज ओसरलाय, नर मात्र अजून शोधत हिंडताहेत. वारा तोंडावर घेऊन वनपाल बीचच्या बुंध्याला टेकतो. पाठीमागे मुद्दाम मोकळी जागा ठेवलीय, कारण जाणता नर वळसा घालून वास घ्यायला तिकडूनच येतो. दहा मिनिटं तो काहीच करत नाही. मग बीचचं पान बोटांत ताणून ओठांना लावतो. पोरं पिंपळपानाची पिपाणी करतात, तसंच. पहिले चार-पाच सूर अगदी हळू, कारण नर पन्नास पावलांवर बसलेला असू शकतो. पुन्हा शांतता. मग जरा मोठ्याने. घाबरलेल्या मादीचा ‘पीऽआ’ सर्वांत शेवटी, तोच आधी काढला तर तरुण नर बिचकून पळतो. रबरी फुग्याची शीळ बाजारात मिळते, पण माझ्या मते साधन कुठलंही असो, थांबता येणं महत्त्वाचं. शेवटच्या सुरानंतरही पंधरा-वीस मिनिटं हलायचं नाही.

आधी येतो तो कोवळा, बारीक शिंगांचा. त्याला जाऊ द्यायचं. सादेचं मोल मला इथेच वाटतं: जनावर जवळ येतं, नीट पारखता येतं. मागून जाड मानेचा, डोकं खाली धरलेला म्हातारा येतो. तो आडवा उभा राहिल्यावरच खांद्यामागे एक गोळी.

काही वेळाने वनपाल टोपी काढतो आणि नराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतो. हा त्याचा शेवटचा घास. ही रीत मला मनापासून पटते.

एक. ऊन आणि माश्या, म्हणून आतडी लगेच काढायची. मांस शीतघरात सात अंशांखाली.

संध्याकाळी आठ. बांधावर मादी आणि पाडस. सप्टेंबरपर्यंत तिला हात लावायचा नाही. तिच्या पोटातला गर्भ हिवाळ्यापर्यंत जवळपास वाढणारच नाही, पाडसं मे-जूनमध्ये होतील.

रात्री कायद्याने हरणाची शिकार बंद. वनपाल नोंदवहीत नराचं वय आणि वजन लिहितो. उद्या साद दुसऱ्या टोकाला. इथल्या उरलेल्या नरांनी आजची ऐकलीय.