शून्य कुठे आहे, ते आधी बघा

पावसाळ्यात छत्रपती संभाजीनगरात पेपर हातात पडला की अनेक घरांत आधी एक आकडा शोधला जातो. जायकवाडीची पाणीपातळी. १५२२ फूट झाली की नाथसागर भरला, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ असते. पण १५२२ फूट म्हणजे काय? पैठणला दीड हजार फूट खोल पाणी साठते? चौथीतल्या एखाद्या मुलीला हा प्रश्न पडतो, आणि ‘तसंच मोजतात’ एवढ्या उत्तरावर तिची बोळवण होते.

खरे तर प्रश्न अगदी नेमका आहे. ही पातळी धरणाच्या तळापासून मोजलेली नसते, समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. धरणाची भिंत सर्वांत उंच जागीही साधारण ४१ मीटर, म्हणजे १३५ फुटांच्या आसपास आहे. त्यातही मृतसाठ्याची रेषा सुमारे साडेचौदाशे नव्हे, तर १४९४.५ फुटांवर येते. शहराचे नळ, कारखाने आणि शेतीचे कालवे ज्या उपयुक्त साठ्यावर चालतात तो सगळा वरच्या साडेसत्तावीस फुटांतला. म्हणजे पातळी १५०० फूट असेल, तर ‘बावीसच फूट कमी’ असे वाटून हायसे होते. प्रत्यक्षात त्या साडेसत्तावीस फुटांपैकी जेमतेम साडेपाच फूट भरलेले असतात. उंचीच्या हिशेबाने पाचवा हिस्सा. आणि जलाशय खाली अरुंद होत जातो, त्यामुळे पाणी पाचव्या हिश्श्याहूनही कमी.

टक्केवारीचेही तसेच. धरण ‘शून्य टक्के’ झाले म्हणजे कोरडे पडले असे नव्हे. एकूण २९०९ दशलक्ष घनमीटर क्षमतेपैकी ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठा आहे आणि टक्के मोजले जातात ते त्याच्या वरच्या पाण्याचे. म्हणून तर दुष्काळी वर्षांत साठा ‘उणे’ झाल्याच्या बातम्या येतात. एकाच धरणाला दोन वेगवेगळे शून्य, आणि दोन्ही माणसांनी ठरवलेले.

कोणतेही मोजमापाचे साधन हातात घेतले की दोन गोष्टी विचाराव्या लागतात. मोजणी सुरू कुठून होते? आणि एक घर पुढे सरकले की आकडा कितीने वाढतो? प्राथमिक शाळेत आकृतिबंध आणि मापन हे दोन धडे वेगळे शिकवले जातात. २, ४, ६ पुढे काय, हा एक धडा; पेन्सिलची लांबी मोजा, हा दुसरा. वास्तविक फूटपट्टी म्हणजे सारख्या अंतराने वाढणारा आकृतिबंधच, फक्त लाकडावर किंवा प्लास्टिकवर छापलेला.

ही सांगड बसत नाही, याचा पुरावा देशपातळीवर आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना पट्टीवर ठेवलेल्या वस्तूची लांबी विचारली होती. वस्तू शून्यापासून सुरू होत असेल, तर सुमारे ८५ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिले. तीच वस्तू पुढे सरकवून ठेवल्यावर बरोबर उत्तरे ३९ टक्क्यांवर आली. २०१७ च्या पाहणीतही हेच घडले होते. तेव्हा आकडे ८६ आणि ४० होते. ही मुले पहिली-दुसरीतली नाहीत, मतदानाच्या उंबरठ्यावरची आहेत. त्यांना पट्टी वाचता येत होती, मोजता येत नव्हते. वस्तूचे टोक जिथे आले तो आकडा सांगायचा, एवढेच त्यांच्या हाताला वळण लागले आहे.

यातली एक चूक मोठी गमतीची. ३ पासून ८ पर्यंत लांबी किती, असे विचारले की काही मुले बोट ठेवून मोजतात : तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. झाले सहा! त्यांनी रेषा मोजल्या. मोजायची असते ती दोन रेषांमधली मोकळी जागा, आणि अशा जागा पाचच आहेत. हे फळ्यावर सांगून फारसे पटत नाही. अंगणात सहा दगड मांडून पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत उड्या मारायला लावल्या की एका मिनिटात पटते.

पट्टीवरची चूक खोडरबराने पुसता येते. घरातल्या औषधांच्या कपाटात तसे नसते. काचेच्या जुन्या तापमापकावर ९८ आणि ९९ यांच्यामध्ये दहा नव्हे, पाच भाग असतात. म्हणजे प्रत्येक घर ०.२ चे. पारा ९८ च्या पुढे तिसऱ्या रेषेवर असेल तर ताप ९८.३ नाही, ९८.६ आहे. इथे चुकले तर फारसे बिघडत नाही. अंगणवाडीत लहान मुलांच्या दंडाचा घेर मोजतात, तिथे बिघडू शकते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्ये असेल तर मध्यम. धोक्याची रेषा आणि सुरक्षित रेषा यांच्यात अंतर फक्त एका सेंटिमीटरचे. त्या पट्टीवर लाल, पिवळा, हिरवा असे रंग दिलेले असतात ते याचसाठी.

सगळ्यांत जपून वाचायची ती इन्सुलिनची सिरिंज. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतेचे मिळते. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेले आणि १०० युनिट असलेले. दोन्हींसाठी सिरिंज वेगळी : ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी नारिंगी टोपणाची. समजा, १०० ची बाटली आहे आणि घरात ४० ची सिरिंज आहे. डॉक्टरांनी १० युनिट सांगितले, म्हणून १० च्या रेषेपर्यंत औषध ओढले. ४० च्या सिरिंजवर १० ची रेषा म्हणजे पाव मिलिलिटर. पण १०० च्या इन्सुलिनच्या पाव मिलिलिटरमध्ये २५ युनिट असतात. आकडा बरोबर वाचला, रेषाही बरोबर पकडली, तरी अंगात अडीचपट औषध गेले. साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. पेनच्या काडतुसातले इन्सुलिन साध्या सिरिंजने ओढणाऱ्या घरांत हा धोका विशेष, कारण ते बहुधा १०० चे असते. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळत नसेल, तर सुई टोचायचीच नाही. आधी औषध दुकानदाराला किंवा डॉक्टरांना विचारायचे.

अडीचपट हा शब्द इथे सहज आला. मराठीत दीड आणि अडीच यांना स्वतंत्र शब्द आहेत आणि पूर्वी त्यांचे पाढेही होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. सर्दीच्या औषधाच्या टोपणावर २.५, ५, ७.५, १० अशा खुणा असतात. तो अडीचकीचाच पाढा आहे. धान्याची मापेही अशीच पायऱ्यांची : दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. त्यापुढचा मण मात्र गावागणिक बदले, कुठे बारा पायलींचा, कुठे सोळा. ही भानगड १९५६ च्या कायद्याने आणि त्यामागून आलेल्या दशमान मापांनी संपवली, ते उत्तमच झाले. फक्त एक सवय सुटली. प्रत्येक मापाची पायरी वेगळी असू शकते, हे डोक्यात ठेवायची.

या भागात ही सवय फार जुनी आहे. शहरालगतचा दौलताबादचा किल्ला म्हणजे यादवांची देवगिरी. कन्नडचा घाट उतरल्यावर चाळीसगावजवळ पाटणे गाव लागते. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ उभारला, असे सांगणारा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख त्या गावी आहे. हा चांगदेव देवगिरीच्या सिंघण राजाच्या दरबारी होता. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ बेरीज-वजाबाकीने सुरू होत नाही, मापांनी सुरू होते. आठ यवांचे एक अंगुल, चोवीस अंगुलांचा एक हात, चार हातांचा एक दंड. आठ, चोवीस, चार! विद्यार्थ्याला पुढे काही करण्याआधी पायरी केवढी आहे हे बघावेच लागे.

घरी सरावासाठी फारसे काही लागत नाही. तुटलेली फूटपट्टी फेकू नका. ४ पासून सुरू होणारा तुकडा मुलाच्या हाती द्या आणि आगपेटी मोजायला सांगा. प्लास्टिकच्या अखंड पट्टीवरही शून्याची रेषा कडेपासून थोडी आत असते, ती त्यालाच शोधू द्या. आणि पावसाळ्यात रोज सकाळी पेपरातली जायकवाडीची पातळी वहीत उतरवून घ्या. काल १५०८.४०, आज १५०९.१५. वाढ किती, आणि १५२२ ला अजून किती उरले, ते त्याला काढू द्या.