अस्तंब्याची यात्रा आणि हिमालयाची वाट

तापी आणि नर्मदा या दोन नद्यांच्या मध्यें सातपुड्याची जी रांग पसरली आहे, तिच्या नंदुरबार जिल्ह्यांतील भागांत अस्तंबा नांवाचें शिखर आहे. त्याची उंची सुमारें १,३२५ मीटर. चिरंजीव अश्वत्थामा या डोंगरावर वावरतो, कपाळावरच्या जखमेसाठीं तेल मागतो आणि वाट चुकलेल्यास मार्ग दाखवितो, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. धनत्रयोदशीच्या सुमारास महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेश या तिन्ही राज्यांतील भाविक तळोद्याच्या बाजूनें पायीं या डोंगराकडे निघतात. त्या भागांतील कित्येक तरुणांचा अनेक दिवसांचा पहिला डोंगरप्रवास हाच असतो. आणि तो पार पडला, कीं एखाद्याच्या मनांत हिमालय डोकावूं लागतो.

मग घरांत साहजिकच प्रश्न निघतो: अस्तंबा चढलेल्या माणसाला हिमालय झेपेल काय? पायांना झेपेल, श्वासाला मात्र नव्यानें शिकावें लागेल, असें त्याचें थोडक्यांत उत्तर आहे.

अस्तंब्याची वाट पुष्कळ कांहीं शिकविते. पहिल्या दिवशीं धांवणारा दुसऱ्या दिवशीं मागें पडतो. पाठीवरचें प्रत्येक अनावश्यक वस्त्र संध्याकाळीं जड होतें. कोरा जोडा टांच सोलतो, आणि चढापेक्षां उतारच गुडघ्यांची अधिक परीक्षा घेतो. हें सारें ज्ञान हिमालयांत जसेंच्या तसें उपयोगीं पडतें. परंतु तेथें एक गोष्ट अशी भेटते, कीं जिची ओळख सातपुडा करून देऊं शकत नाहीं. ती म्हणजे विरळ हवा.

हवेंतील प्राणवायूचें प्रमाण डोंगरावरही शेंकडा २१ च असतें. पण उंचीबरोबर हवेचा दाब उतरतो, आणि प्रत्येक श्वासाबरोबर शरीरास मिळणारा प्राणवायु कमी होतो. केदारनाथ सुमारें ३,५८० मीटरांवर आहे. तेथील दाब समुद्रकांठच्या दाबाच्या जवळजवळ दोनतृतीयांश असतो. म्हणूनच अशा ठिकाणीं पाणी सुमारें ८८ अंशांवरच उकळूं लागतें व उघड्या पातेल्यांत डाळ शिजतां शिजत नाहीं. जी अडचण चुलीपुढें दिसते, तीच छातींत जाणवते.

शरीर या अडचणीशीं जुळवून घेतें, पण सावकाश. प्रथम श्वास जलद होतो. पुढें मूत्रपिंडें रक्तांतील आम्लतेचा तोल सांवरतात. रक्तांतील तांबड्या पेशी वाढावयास तर आठवडे लागतात. सुमारें २,५०० मीटरांच्या वर घाईनें चढणाऱ्याला हा अवधि मिळत नाहीं. मग बहुधा पहिल्याच रात्रीं डोकें दुखूं लागतें, मळमळतें, अन्न नकोसें होतें, झोंप लागत नाहीं. गौरीकुंडापासून केदारनाथपर्यंतचा सुमारें १,६०० मीटरांचा चढ एका दिवसांत चढून तेथेंच मुक्काम करणारा यात्रेकरू या त्रासास स्वतःच निमंत्रण देतो.

येथें बळकट तरुणास धोका कमी असतो, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. दणकट पाय या विकारापासून रक्षण करीत नाहींत. उलट ते माणसाला लवकर वर नेतात, आणि सोबत्यांसमोर कमीपणा नको म्हणून तो डोकेदुखी लपवितो. लपविलेली डोकेदुखी हीच खरी भयाची गोष्ट. पुढें सरळ रेषेंत चालतां न येणें, बोलण्यांत गोंधळ होणें, स्वस्थ बसलें असतांही धाप लागणें किंवा खोकल्याबरोबर फेस येणें, हीं लक्षणें दिसलीं तर मेंदूंत वा फुप्फुसांत पाणी सांचूं लागलें असें समजावें. त्यावेळीं सकाळची वाट पाहूं नये. रोग्यास ताबडतोब, आणि एकट्यास नव्हे, खालीं उतरवावें. प्राणवायूची नळकांडी व औषधें जवळ असलीं तरी उतरणें टाळूं नये.

म्हणून पहिल्या प्रवासाला वाट निवडतांना शिखराच्या उंचीहून मुक्कामांची उंची अधिक बारकाईनें पाहावी. कुमाऊंतील पिंडारी हिमनदीची वाट यासाठीं चांगली आहे. खाती हें गांव सुमारें २,२०० मीटरांवर, द्वाली सुमारें २,६०० वर आणि फुरकिया सुमारें ३,२०० वर. तेथून हिमनदीचें दर्शन घेऊन प्रवाशी त्याच दिवशीं खालीं परततो. दिवसा उंच जावें व रात्रीं खालीं निजावें, हा पहाडांतील जुना नियम तेथें आपोआप पाळला जातो. ३,००० मीटरांनंतर निजण्याची उंची एका रात्रींत ५०० मीटरांहून अधिक वाढवूं नये, आणि दर तीन-चार दिवसांनीं एक दिवस त्याच मुक्कामावर राहावें. डोकें दुखत असतां पुढचा मुक्काम गांठूं नये. हृदयाचा वा फुप्फुसांचा विकार असणाऱ्यानें निघण्यापूर्वींच वैद्यकीय सल्ला घ्यावा.

घरच्या वडील मंडळींनीं मुलाला निरोप देतांना लाडूंच्या डब्याबरोबर आणखी एक गोष्ट बांधून द्यावी: अर्ध्या वाटेवरून परत येण्याची मोकळीक. परत आलेल्याची कोणी थट्टा करणार नाहीं, ही खात्री ज्याला असते, तोच डोकें दुखतें असें वेळेवर सांगतो. अस्तंब्यावर वाट चुकलेल्याला अश्वत्थामा मार्ग दाखवितो म्हणतात; हिमालयांत आजारी माणसाला वांचविणारी वाट एकच, आणि ती खालीं जाते.