त्रास नसताना तपासणी

लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांची तपासणी करायला माणूस बहुधा जळजळ, स्राव किंवा फोड दिसल्यावरच निघतो. पण क्लॅमिडिया बहुतेक बायकांमध्ये आणि कित्येक पुरुषांमध्ये काहीच जाणवू न देता राहतो; उपचार झाले नाहीत तर गर्भनलिकांना इजा होऊन वंध्यत्व येऊ शकते. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही, औषधाविनाही भरून येते, आणि जंतू मात्र शरीरात राहतात. एचआयव्ही तर वर्षानुवर्षे गप्प असतो. म्हणून जोडीदार बदलला असेल, एकाहून अधिक जोडीदार असतील किंवा कंडोमविना संबंध आला असेल, तर काही होत नसतानाही तपासून घ्यावे.

सुरुवात जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या आयसीटीसीपासून, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रापासून करता येते. एचआयव्हीची चाचणी तिथे मोफत होते. केंद्र कुठे आहे ते 1097 या मोफत हेल्पलाइनवर कळते. खोलीत आधी समुपदेशक बोलतात. शेवटचा संबंध कधी आला, कंडोम होता का, असे प्रश्न येतील. ते चारित्र्याची चौकशी करत नसतात. कोणती चाचणी आणि कधी, हे त्या उत्तरांवर ठरते. खरे सांगावे. पुरुषांचे पुरुषांशी संबंध असतील तर तेही सांगावे, कारण घशातला किंवा गुदमार्गातला क्लॅमिडियासारखा संसर्ग लघवीच्या तपासणीत सापडत नाही. तिथला नमुना वेगळा घ्यावा लागतो.

मग तुमची संमती घेऊन रक्त घेतात. पहिली चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली तरी तेवढ्यावर कोणी पॉझिटिव्ह ठरत नाही. आणखी दोन वेगळ्या चाचण्यांनी खात्री करतात. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय चाचणी करायला आणि परवानगीशिवाय निकाल इतरांना सांगायला सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. संसर्ग निघालाच तर एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात, आणि ती नियमित घेतली तर आयुष्य जवळजवळ इतरांइतकेच लांबते.

तारखांचा हिशेब मात्र नीट समजून घ्या, कारण इथेच लोक फसतात. परवा संबंध आला आणि आज चाचणी निगेटिव्ह आली, तर त्या निकालाला परवाच्या संबंधापुरता अर्थ नाही. रक्तात खूण उमटायला वेळ लागतो. आयसीटीसीतल्या रॅपिड चाचणीसाठी तीन महिन्यांनी पुन्हा येणे सर्वांत भरवशाचे. संबंधाला 72 तास उलटले नसतील आणि धोका मोठा वाटत असेल, तर चाचणीची वाट न पाहता थेट रुग्णालयात जाऊन पेप, म्हणजे संबंधानंतर एचआयव्हीची लागण रोखणाऱ्या औषधांविषयी विचारावे. ती जितकी लवकर सुरू होतील तितकी चांगली, आणि 28 दिवस घ्यावी लागतात.

एवढ्यावर थांबू नका. ‘सगळ्या टेस्ट करा’ म्हटले की सगळ्या होतात, असे नसते. सिफिलिससाठी व्हीडीआरएल किंवा आरपीआर, हिपॅटायटिस बी साठी एचबीएसएजी, ही नावे घेऊन विचारा. हिपॅटायटिस बी निगेटिव्ह आला आणि लस घेतलेली नसेल, तर लस घेता येते. क्लॅमिडिया आणि गनोरियाची गोष्ट वेगळी. सरकारी दवाखान्यांत बहुधा लक्षणे पाहून औषधांचे किट देतात, त्यामुळे ज्याला लक्षणेच नाहीत तो त्यातून सुटतो. ही उणीव मला फार गंभीर वाटते. यांची नॅट, म्हणजे जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी मोठ्या खासगी लॅबमध्ये होते, पण पैसे पडतात. पुरुषांना लघवीची पहिली धार द्यावी लागते, त्याआधी तासभर तरी लघवी करायची नाही. बायकांना योनीतला स्वॅब स्वतःही घेता येतो.

क्लॅमिडिया निघाला तर अँटिबायोटिकने बरा होतो, पण जोडीदाराचे उपचार सोबतच व्हायला हवेत. नाहीतर तोच संसर्ग परत येतो. दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत आणि डॉक्टर सांगतील तेवढे दिवस संबंध टाळावेत, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावे.