अठ्ठेचाळीस खुर्च्यांचे विमान

आमच्या पुसदच्या माणसाला प्रवास म्हटला की आधी एस.टी. आठवते. १९८२ च्या दिल्लीतल्या एशियाड स्पर्धांनंतर महामंडळाकडे ‘एशियाड’ नावाची निमआराम गाडी आली आणि चार पैसे जास्त मोजून लोक तिच्यात बसूही लागले. पण म्हणून महामंडळाने लाल गाड्या मोडीत काढल्या नाहीत. आकाशात मात्र काही शहाण्यांनी नेमके तेच करून पाहिले.

ऑक्टोबर २००५ मध्ये ‘इऑस’ नावाच्या कंपनीची लंडन-न्यूयॉर्क विमानसेवा सुरू झाली. विमान बोइंग ७५७. एरवी त्यात दोनशेच्या आसपास माणसे बसतात. इऑसने मोजून ४८ खुर्च्या ठेवल्या, त्याही पलंगासारख्या सपाट होणाऱ्या. पाठोपाठ ‘मॅक्सजेट’ आली, २००७ च्या जानेवारीत ‘सिल्व्हरजेट’. सगळ्या केवळ बिझनेस क्लासच्या.

विमानात पुढे बसणारा साहेब मागच्या प्रवाशाच्या कितीतरी पट भाडे देतो. मग मागची गर्दी हवी कशाला? असे देखणे हिशेब बँकेच्या टेबलावर मी पुष्कळ पाहिले. त्यांतल्या उत्पन्नाच्या रकान्यात दुकान नेहमी भरलेलेच असते!

वैमानिकाचा पगार, विमानाचे भाडे, विमानतळाचे शुल्क, हे काही खुर्च्या कमी केल्या म्हणून त्या प्रमाणात उतरत नाही. दोनशेतल्या दहा खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर तूट पाच टक्क्यांची. अठ्ठेचाळीसमधल्या दहा म्हणजे पाचव्या हिश्शाहून अधिक. उरलेली भाजी संध्याकाळी निम्म्या भावात तरी जाते. उडालेल्या विमानातली रिकामी खुर्ची कोण घेणार? शिवाय साहेबाची बैठक लांबली तर त्याला पुढचे विमान लगेच हवे असते. मोठ्या कंपन्यांची दिवसाला अनेक विमाने, यांची एकदोन.

२००७ च्या ऑक्टोबरात तर बलाढ्य अमेरिकन एअरलाइन्सने यांच्याच स्टॅनस्टेड विमानतळावरून न्यूयॉर्कची विमाने सोडली. ही मंडळी बुडाल्यावर, २००८ च्या जुलैत, ती बंदही केली. याला धंदा म्हणतात, दुसरे काय! त्यात तेल भडकले. त्याच जुलैत ते पिंपाला १४७ डॉलरवर पोहोचले. पण तोवर तिघींचा निकाल लागला होता. मॅक्सजेट २४ डिसेंबर २००७ ला, ऐन नाताळच्या आदल्या दिवशी थांबली आणि सणाला घरी निघालेली माणसे विमानतळावर अडकली. इऑस २७ एप्रिल २००८ ला गेली, सिल्व्हरजेट ३० मे रोजी.

ही हौस आपल्या महाराष्ट्रातही उतरली होती. त्याच २००८ मध्ये लुफ्तान्साने पुणे-फ्रँकफर्ट सेवा सुरू केली. विमान ‘प्रिव्हेटएअर’ या स्विस कंपनीचे, आणि सुरुवातीला आत फक्त बिझनेस क्लास. पुण्यात जर्मन कारखाने, त्यांच्या साहेबांची सतत ये-जा. तेव्हा कल्पना वेडगळ म्हणता येणार नाही. लंडनसारखी चढाओढही इथे नव्हती. तरीही पुढे त्या विमानात मागे साध्या खुर्च्या बसवाव्या लागल्याच. मुलाला भेटायला जर्मनीला निघालेल्या कोथरूडच्या आईवडिलांनाही मग त्यात जागा मिळू लागली. अशा मिश्र रूपात ती सेवा काही वर्षे चालली. डिसेंबर २०१८ मध्ये प्रिव्हेटएअरचेच दिवाळे निघाले.